काय लोंबत न्हाई

ते कागुद आधी पिशवीत घाला, सायेब. गुळगुळीत कागदावरची रंगीत फटफटी बघून आमच्या गावातलं एक पोरगं हरखायचं न्हाई. तुमी साताऱ्यात नवं दुकान काढलंय, दोन दिस झालं आमच्या पारावर बसलाय. पलीकडच्या गावात सा गाड्या गेल्या आन हितं एक बी न्हाई, ह्येचं तुमाला नवल वाटतंय. कोण म्हनला पेट्रोल म्हागलं, कोण म्हनला रस्ता वाईट. खोटं बोलत्यात भाडखाव. खरं बोलायची एकाची बी छाती न्हाई, म्हणून तुमाला माझ्याकडं लावून दिलं. बसा. च्या घ्या. सांगतो.

मी नाथाजी. फौजेत फटफटीवरनं डाक पोचवायचो. एकाहत्तरच्या लढाईत बिनदिव्याची गाडी मारलीय, वरनं गोळं पडत हुतं तवा. पेन्शनीत आलो तवा लिलावातली एक जुनी फौजी गाडी घिऊन आलो. मंग काय इचारता! गावातली पोरं गुळाला मुंगळं लागावं तशी लागली. अकरा पोरांस्नी म्या त्या माळावर गाडी शिकवली. समदी मला उस्ताद म्हणायची.

माजी एकच शिस्त हुती. गाडीवर बसायच्या आधी धोतराचा सोगा, पटक्याचा शेमला, गळ्यातला टावेल, समदं खोचायचं. अंगावर हात फिरवून बघायचं आन मोठ्यानं वरडायचं, "काय लोंबत न्हाई, उस्ताद!" मंगच किक. इसरला की छडी. आकारामच्या पोटरीवर अजून वळ असंल बघा. चाक कापड खातं आन कापडाबरोबर माणूस खातं, हे म्या फौजेत डोळ्यानं बघितल्यालं.

माजी धाकटी भन राही. माळावर भाकरी घिऊन यायची आन पोरांच्या मागं हुबी राहून पदर खोचायची, सलाम ठोकायची आन माझ्याच आवाजात वरडायची, "काय लोंबत न्हाई!" पोरं फिदीफिदी हसायची. एकदा म्या तिला बी गाडी चालवाय दिली. आई, आमची अंबूबाई, चार दिस माझ्यासंगं बोलली न्हाई.

त्या अकरातला समद्यात चांगला हात बाळासोचा. त्यो सांगलीकडचा, ताकारीचा. उसाचं घर, पर आजोळ आमच्या गावात. शांत पोरगं. राही त्येच्याकडं बघती हे माझ्या ध्यानात आलं, तवा म्याच पुढं होऊन सोयरीक जमवली. लय खूश हुतो मी. माजी भन माझ्याच चेल्याच्या घरात जाणार, आनखी काय पायजे?

शहात्तर सालच्या वैशाखात दारात लगीन लागलं. आमच्यात रीत अशी, की नवऱ्याचं उपरणं आन नवरीचा शेला ह्येची गाठ मारायची, ती औंधाच्या यमाईपुढंच सोडायची. मधी सुटली तर अपशकून. औंध आमच्यापासनं सात मैल. जोडप्यानं जीपमधनं जायचं असं ठरल्यालं. मीच आडवा आलो. म्हनलं, "उस्तादाची भन जीपमधनं जाणार व्हय? नवऱ्याच्या फटफटीवरनं जाईल. गाव बघंल!"

बाळासो म्हनला, "उस्ताद, शेला लांब हाय. गाठ सोडून तिच्या वट्यात ठिवू, देवळापाशी परत मारू."

म्या समद्यांम्होरं त्येला झाडला. "हळद वाळली न्हाई अजून आन मला शिकवतोस व्हय रं? बस गप."

राही मागं चढाय लागली आन गाठ सुटली. बाळासोच्या आत्यानं, तानुबाईनं, मारल्याली. सैल हुती. बायांनी तोंडाला पदर लावलं. मी पुढं झालो. खेचरावर ओझं बांधायची गाठ असती फौजेत. वडली की आवळती, जीव गेला तरी सुटत न्हाई. ती मारली. शेल्याचा एक वेढा तिच्या खांद्यावरनं गळ्याखालनं घेतला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आन मोठ्यानं म्हनलो, "आता यमाईनं सोडवली तर सुटंल, न्हाईतर न्हाई!" मांडव सगळा हसला.

राही मागं आडवी बसली हुती. मुंडावळ्या बाजूला सारून म्हनली, "दादा, आज तपासणी न्हाई व्हय?"

"आज तू नवरी हायस. आज माफ," म्या म्हनलो. हे माजं शब्द हायत, सायेब. दुसऱ्या कुणाचं न्हाईत.

मी जीपमधनं मागंच हुतो. उतारावर वारा सुटला. गाठीच्या खाली शेल्याचं टोक हातभर लोंबत हुतं ते मला दिसलं. दिसलं, आन वरडायला तोंड उघडलं, तवर ते चाकात गेलं. राही पाठीवर पडली. गाठ सुटली असती तर शेला अंगावरनं निसटला असता, ती तितंच राह्यली असती, गुडघं फुटलं असतं, हात मोडला असता. गाठ सुटली न्हाई. चाक शेला गुंडाळत गेलं आन तिला मानंनं वडत गेलं. उपरण्यानं बाळासोला बी मागं खेचला, आन गाडी त्येच्यावर पडली. सगळं दहा हातांत झालं. मी पोचलो तवा राहीचं डोळं उघडं हुतं आन मान भलतीकडं हुती. हळदीचा हात रस्त्यावर तसाच.

मी गाडी उचलली. बाळासोला सोडवायला न्हाई, मारायला. जीपचं लोखंडी हँडल माझ्या हातात कवा आलं मला म्हाईत न्हाई. पयला घाव त्येच्या उजव्या खांद्यावर घातला, हाड मोडल्यालं मला ऐकू आलं. दुसरा बरगडीत. त्यो हात वर करून आडवत बी नव्हता. राहीकडं बघत हुता. तिसरा डोक्यात बसला असता, पर गुंडा आन लालासाहेब, माझ्याच हाताखाली शिकल्याली पोरं, माझ्या अंगावर पडली. गुंडाचा दात माझ्या कोपरानं तितंच पडला. मी वरडत हुतो, "तू मारलीस! जोरात चालवून मारलीस माझ्या भनीला!"

जोरात? त्यो बैलगाडीसारखा चालवत हुता, सायेब.

पोलिसांनी दवाखान्यात इचारलं. बाळासोनं सांगिटलं, खांदा पडून मोडला. मला आनखीच राग आला. उपकार करतोय व्हय माझ्यावर? म्या ताकारीला निरोप धाडला. फटफटीवर बसून आमच्या शिवंच्या आत पाय ठिवलास तर मुडदा पाडीन, यमाईची आन. तिकडनं उलट निरोप आला, "वरसाच्या दिवशी येतो." एवढंच.

ते वरीस कसं गेलं काय सांगू? गावात फटफटीचा आवाज आला की माझं मस्तक फिरायचं. आकारामनं नवी गाडी घेतल्याली. म्या पहार घिऊन त्येच्या दारात गेलो आन दिवा फोडला, टाकी फोडली, इंजनावर घाव घालत बसलो. तेल वाहून उंबऱ्यापतूर गेलं. त्येची बायको रडत हुती, आकाराम हात बांधून हुबा. म्हनला, "फोडा, उस्ताद." गुंडाला चालत्या गाडीवरनं पटक्याला धरून खाली वडला आन वढ्यात नेऊन बडवला. लालासाहेबानं आपणहून इकून टाकली. शेजारच्या भाऊसोचं धाकटं पोरगं नुसतं दुसऱ्याच्या गाडीवर टेकलं हुतं, त्येच्या कानफटात अशी मारली की पोरगं आठ दिस एका कानानं ऐकत नव्हतं. दिवाळीपतूर गावातल्या समद्या गाड्या गेल्या. पोलिसात एक जण गेला न्हाई. पोरं परत बैलगाडीत बसाय लागली. मी आलो की पारावरची उठून हुबी राह्यची, मान खाली घालायची. मला वाटायचं, फटफटीचं भ्या बसलं ह्यांस्नी. बरं झालं.

वरीस भरलं. सकाळचं नऊ वाजलं असतील. शिवंवरनं आवाज आला. ती गाडी, तोच आवाज. म्या पहार उचलली आन दारात येऊन हुबा राह्यलो. आख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूला गोळा झालं, पर मला धरायला कोण म्होरं आलं न्हाई.

बाळासो गाडीवरनं उतरला. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, डाव्यानं सगळं करत हुता. टोपी काढली आन माझ्या पायाला हात लावाय वाकला. म्या लाथ घातली. त्यो धुरळ्यात पडला, उठला, परत हुबा राह्यला.

"उस्ताद, मारा. पर आधी गाठ द्या. राहीची आन माझी गाठ यमाईपुढं सोडायची राह्यलीय. वरीस झालं, ती अधांतरी हाय. मी तिला घिऊन जातो, मंग परत येऊन हितंच हुबा राह्यतो."

"गाठ मागतोस? तुला मसणात घालतो!" म्या पहार डोक्याच्या वर नेली. त्येनं डोळं मिटलं. बायांनी बोंब ठोकली. आन तेवढ्यात माझ्या पायापाशी काय तरी येऊन पडलं.

आईनं फेकलं हुतं. फडक्यातली गाठ. राहीला चाकातनं सोडवताना कापड दोन्हीकडनं कापल्यालं, मधली गाठ तेवढी आईनं कुकवाच्या करंड्याखाली जपून ठिवल्याली. पांढरं उपरणं, हिरवा शेला, आन त्येच्यावर वाळून काळं झाल्यालं रगात.

अंबूबाई उंबऱ्यात हुबी हुती. वरीसभर माझ्याशी धड बोलली नव्हती. म्हनली, "आधी ही सोड. मंग मार त्येला."

"एवढंच व्हय?" म्हणून मी पहार टाकली आन खाली बसलो.

सुटंना. नखं घातली, सुटंना. आकारामकडं दाभण मागितलं, त्येनं मुकाट्यानं आणून दिलं. दाभण वाकलं. दातानं वडली तवा जिभेवर रगताची चव आली, राहीच्या. अंगठ्याचं नख उपटलं. मी जेवढी वडंल तेवढी ती आवळत हुती. समदं गाव बघत हुतं.

"मी बी वरीसभर रोज सोडती हाय," आई म्हनली. "सुईनं, दातानं. सुटत न्हाई. लय पक्की मारलीया, नाथा. कुणी मारली रं?"

म्या वर बघितलं. आकारामकडं, गुंडाकडं, लालासाहेबाकडं. एकानं बी नजर दिली न्हाई. समद्यांस्नी म्हाईत हुतं! पयल्या दिवसापासनं! मांडवात हसल्यालीच माणसं ती. भाडखाव वरीसभर मार खात बसली, गाड्या फोडून घेतल्या, दात पाडून घेतलं, पर एकानं म्हनलं न्हाई, की उस्ताद, गाठ तुमी मारली. कारण म्हनला असता तर त्येचा मुडदाच पाडला असता म्या.

"म्या मारली," मी म्हनलो. मंग परत मोठ्यानं वरडलो. "म्या मारली! बाळासो नको म्हनत हुता. माझ्या भनीला म्या मारली!"

आन मी उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर ठिवला, डाव्यानं पहार उचलली. घालणारच हुतो, सायेब. पयला घाव बसला बी, ही दोन बोटं बघा. दुसरा बसायच्या आत बाळासोनं त्येच्या एका चांगल्या हातानं पहार धरली. आई जागची हलली न्हाई. म्हनली, "हात मोडून घिऊन माजी लेक सुटती व्हय? त्याच हातात गाठ घे आन जा."

बाळासोनं माझ्या बोटांस्नी टावेल गुंडाळला. म्हनला, "हितं सुटायची न्हाई, उस्ताद. जागा ती न्हाईच. बसा मागं."

मी लहान पोरासारखा रडत हुतो. त्येचा ज्यो खांदा म्या मोडल्याला, त्येलाच धरून मागं चढलो. त्येनं किकवर पाय ठिवला, आन थांबला. मान वळवली न्हाई. हळूच म्हनला, "उस्ताद, तपासणी."

मी खाली उतरलो. त्येच्या धोतराचा सोगा खोचला. माझा शेमला सोडून कंबरंला गुंडाळला. बोटाच्या टावेलाचं टोक आत दाबलं. ती गाठ सदऱ्याच्या आत, छातीला लावून ठिवली. समद्या अंगावर हात फिरवला. मंग छाती भरून वरडलो, आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.

"काय लोंबत न्हाई!"

वरीसभर उशीर झाला हुता.

गाठ देवळात बी सुटली न्हाई. यमाईच्या पायरीवर तशीच ठिवून आलो. आता मी कुणाला आडवत न्हाई. घरोघर जाऊन सांगिटलं, चला रं पोरांनो, माळावर या, शिकवतो. पोरं उठून हुबी राहत्यात, "व्हय उस्ताद" म्हणत्यात, आन येत न्हाईत. ती फटफटीला कवाच भ्याली नव्हती. मला भ्याल्यात. तुमी सांगा सायेब, ह्या गावात गाडी कुणाला इकणार? घ्या, च्या निवला तुमचा.