आता बोलला

"हे घ्या परत," म्हणत गाडीवाल्या म्हाताऱ्याने दोन्ही हॉर्न टेबलावर ठेवले. "वाजत नाहीत असं नाही. वाजतात. पण बरोबर वाजत नाहीत."

हॉर्नवाल्याने जोडीकडे पाहिले. एक जाड्या आवाजाचा, एक बारीक आवाजाचा. गाडी म्हाताऱ्याच्या वडिलांची, आणि हॉर्न गाडीइतकेच जुने. त्याने स्वतः ते उघडले होते, गंज काढला होता, काळे पडलेले पॉइंट घासले होते, एकाची कॉइल नव्याने गुंडाळली होती. आता त्याने दोन्हींना बॅटरीच्या तारा लावल्या आणि बटण दाबले. दुकान दणाणले.

"यात काय वाईट आहे?"

"पूर्वी दोघं मिळून एक आवाज यायचा. आता नवरा-बायको भांडतायत असं वाटतं," म्हातारा म्हणाला. "तुमच्या हातून असं काम कधी गेलं नाही, म्हणून पहिलं तुमच्याकडे आणलं. रविवारी नातीला फिरवायचं कबूल केलंय. तोवर जमवा. नाहीतर कोपऱ्यावर तुमचे साडू आहेतच."

म्हातारा गेल्यावर हॉर्नवाल्याने पुन्हा बटण दाबले. बारीक हॉर्नचा स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा दाबले. मग तो थांबला. कशासाठी थांबलो, हे त्याच्या जरा वेळाने लक्षात आले. तो आतल्या दाराकडे कान लावून उभा होता.

दुकानाच्या मागेच घर. इतकी वर्षे तो इथे बटण दाबायचा आणि आत बायको पाठमोरी भांडी घासता घासता म्हणायची, "अजून नाही." पुन्हा दाबले की, "अजून नाही." आणि मग कधीतरी, "हं, आता बोलला." की स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून तो त्याच्यावरचा चेकनट आवळून टाकायचा. "कळलं गं, मला काय कान नाहीत?" असेही वर ऐकवायचा.

नव्हते. बायको जाऊन काही महिने झाले होते. जाताना सोबत काय घेऊन गेली ते आज कळले.

टेबलाच्या वर भिंतीवर एक छोटा हॉर्न होता. खटखटीत हाक ऐकू जात नाही म्हणून तिने तो भंगारातून उचलून हट्टाने लावून घेतला होता. त्याचे बटण स्वयंपाकघरात. ताट वाढले की ती दाबायची. शेवटच्या वर्षात त्याचा घसा बसला होता. "जगाचे हॉर्न बोलके करता आणि घरचा मुका," ती म्हणायची. "बघतो उद्या," तो म्हणायचा. मग ती आजारी पडली.

साडूचा आधी त्याला कधी हेवा वाटला नव्हता. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. साडू डायनॅमो आणि बॅटरीत तरबेज, पण हॉर्नमध्ये याच्या पासंगालाही पुरायचा नाही. साडू डोळ्यांत खुपायला लागला तो अलीकडे. त्याच्या शर्टाची सगळी बटणे जागच्या जागी असायची. याने स्वतःचे दुसरे बटण कॉइलच्या तांब्याच्या तारेने बांधले होते. भर दुपारी कोपऱ्यावरून मेव्हणीची हाक यायची, "जेवायला येताय की ताट झाकून ठेवू?" आणि साडू ओरडायचा, "आलो गं! जरा दम धर." इकडे हा अर्ध्या ताटावरून उठायचा. मेव्हणीचा आवाज हुबेहूब याच्या बायकोचा. फोनवर दोघींची आईसुद्धा फसायची.

एकदा तर साडू म्हणाला होता, "तुझं बरं आहे बाबा, डोक्याला कटकट नाही." म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण बोलायचे ते बोलून गेला होता.

दोन दिवस हॉर्नवाल्याने एकट्याने झुंज घेतली. शेजारच्या शिंप्याला विचारले, तर तो म्हणाला, "छान मोठा वाजतो की." शनिवारी संध्याकाळी त्याने जोडी पिशवीत घातली आणि साडूच्या घरी गेला.

"माझी बॅटरी बसलीय," तो खोटे बोलला. "तुझ्या बॅटरीवर जरा लावून बघतो."

"बघ की. बॅटरी काय माझ्या सासऱ्याची आहे?"

"सासरा तर दोघांचा एकच," हॉर्नवाला म्हणाला, आणि साडू मोठ्याने हसला.

मेव्हणी मागच्या पायरीवर पाठमोरी बसून वाटाणे सोलत होती. "आलात का भावोजी? चहा टाकते, एवढं झालं की," ती म्हणाली.

त्याने तारा लावल्या. बटण दाबले.

"अजून नाही," मेव्हणी म्हणाली. मागे वळलीसुद्धा नाही.

त्याचा हात तिथेच राहिला. त्याने तिला काही विचारले नव्हते. मग त्याने बारीक हॉर्नचा स्क्रू थोडा आत घेतला. दाबले.

"अजून नाही." एक शेंग फुटली, दाणे ताटलीत पडले.

केसभर आणखी. दाबले.

"हं, आता बोलला."

आता चेकनट आवळायचा, एवढेच राहिले होते. पाना हातात होता. त्याने पाना खाली ठेवला, स्क्रू पुन्हा बाहेर घेतला आणि बटण दाबले.

"अहो भावोजी, सुटला परत."

त्याने स्क्रू जागेवर आणला.

"हं, आता बोलला."

त्याने पुन्हा स्क्रू सोडला. साडू चहाची वाट बघत बिडी ओढत बसला होता, त्याची बिडी हातातच राहिली. किती झाले तरी कारागीर. त्याला कळले.

"साडूभाऊ," तो हळू म्हणाला, "झाला होता तो."

"माहीत आहे."

पायरीवरचे सोलणे थांबले. मेव्हणी ताटली घेऊन उठली आणि याच्याकडे न बघता आत गेली. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ सुरू राहिला.

"तू रोज ऐकतोस," हॉर्नवाला म्हणाला. "आणि वर म्हणतोस, जरा दम धर."

साडूने बिडी विझवली. "एक सांगू? रागावू नकोस. माझ्या कामाला तिनं आजवर कधी कान दिला नाही. डायनॅमोत काय ऐकायचं, म्हणते. तुझ्या दुकानात आलो की आतून ताईंचं ते 'आता बोलला' यायचं. मी घरी येऊन जळायचो. उगाच हिच्याशी भांडण काढायचो."

हॉर्नवाल्याने त्याच्याकडे पाहिले. आपलाही कुणी हेवा करत होते, हे त्याला पहिल्यांदाच कळत होते. आणि आता हेवा करण्यासारखे काही उरले नव्हते. त्याने स्क्रू जागेवर आणला आणि दाबून पाहिले. या वेळी आतून काही आले नाही. त्याने अंदाजानेच चेकनट आवळला.

निघताना मेव्हणी दारात आली. डोळे पुसलेले होते. "दुकानाच्या भिंतीवरचा तो आणा ना एकदा, ताईचा," ती म्हणाली. "मी ऐकते."

"बघतो उद्या," तो म्हणाला.

रविवारी म्हातारा गाडी घेऊन दुकानासमोर आला. नात पुढे बसली होती. तिने दोन्ही हातांनी बटण दाबले आणि रस्त्यावरची माणसे बाजूला झाली. दोन हॉर्न, एक आवाज. "अस्सं!" म्हातारा खिडकीतून ओरडला. "म्हटलं नव्हतं, तुम्हीच करणार?" कोपऱ्यावर साडू हात पुसत उभा होता. त्याने मान हलवली. यानेही हलवली.

त्या दुपारी हॉर्नवाल्याने भिंतीवरचा हॉर्न उतरवला. कठीण काही नव्हते. पॉइंट काळे पडले होते, ते घासले. आतला पातळ पत्र्याचा पडदा पुसून बसवला. रिंगणातले स्क्रू एकेक करून आवळले. तार जोडली, स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबले. दुकानातून आवाज आला. चांगला, मोठा.

तो थोडा वेळ मोरीशी उभा राहिला, जिथे ती भांडी घासायची. तिथून बटणापर्यंत हात पुरतो. पुन्हा दाबले. बरोबर आहे की नाही, त्याला सांगता येईना.

मेव्हणीने सांगितले असते. कोपऱ्यावरून यायला तिला किती वेळ लागतो? पण तिला बोलावले नाही. हा हॉर्न दुसऱ्या कुणाच्या कानाने लावायचा नाही, साडूच्या बायकोच्या तर नाहीच.

हॉर्न पुन्हा भिंतीवर आहे. वाजतो. चेकनट तेवढा आवळायचा राहिला आहे.