हिरव्या स्टिकरवरचं कुंकू

फोटोत कुंकवाचं बोट लॅपटॉपच्या झाकणावर मधोमध लागलं नव्हतं. ते उजव्या कोपऱ्यातल्या हिरव्या स्टिकरवर लागलं होतं, आणि 'खु-०७' मधल्या साताची शेपटी तेवढी त्याखाली गेली होती. बाकी नंबर स्वच्छ वाचता येत होता. शेजारी खु-०८ आणि खु-०९. तिन्हींपुढं झेंडूची फुलं, विळा, कोयता आणि ट्रॅक्टरची किल्ली.

खंडेनवमीची ही पूजा दूध संघाचे संचालक पृथ्वीराज यांच्या कासुर्डीच्या बंगल्यातली. फोटो त्यांच्याच घरातून संघाच्या ग्रुपवर आला होता. खाली अडतीस जणांनी हात जोडले होते.

पूनमनं जोडले नव्हते. शिरूरच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग म्हणजे ती एकटी. बी.एस्सी. करून लागली तेव्हापासून प्रत्येक यंत्रावरचं स्टिकर तिनंच चिकटवलेलं आणि संघाच्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या डेडस्टॉक रजिस्टरमधली प्रत्येक ओळ तिच्याच अक्षरातली. हे तीन लॅपटॉप खुटबावच्या संकलन केंद्रासाठी घेतलेले. ते तिथं कधी पोचलेच नाहीत, हे तिला दोन वर्षं माहीत होतं. "आहेत म्हणून लिहा, मी पाठवून देतो," असं पृथ्वीराज म्हणाले होते. दोन्ही वर्षी मार्चच्या तपासणीत तिनं त्या तिन्ही नंबरांपुढं 'जागेवर' असं लिहिलं होतं. न बघता.

यंदा संघाचा कारभार क्लाउडवर निघाला. सभासदांची नावं, दुधाचं माप, फॅटचे आकडे, सगळं बाहेरच्या सर्व्हरवर जाणार. कोणतं यंत्र नव्या खात्याला जोडायचं आणि कोणतं बाद करायचं, याची यादी आता हातानं लिहून भागत नव्हती. संघाचं सॉफ्टवेअर असलेलं यंत्र इंटरनेटला लागलं की आपणहून हजेरी देई. कवठे येमाईच्या केंद्रातली चारही यंत्रं सकाळ-संध्याकाळ हजर. खु-०७, ०८, ०९ सुद्धा हजर. पण दुपारी, खुटबावचं केंद्र बंद असतं त्या वेळी.

तिनं ती यादी पृथ्वीराजांच्या टेबलावर ठेवली. चार दिवसांनी उत्तरादाखल एक टाइप केलेला कागद आला. तीन लॅपटॉप वाहतुकीत गहाळ. जबाबदार, मल्हारी, वाहनचालक. पोलिसांत तक्रार द्यावी. खाली पूनमच्या सहीसाठी जागा सोडलेली.

मल्हारी दिवाळीला निवृत्त होणार होता. ती खाली गेली तेव्हा तो गाडीची काच पुसत होता.

"मामा, तुमच्यावर घालतायत."

"व्हय, कळलं." त्यानं फडकं पिळलं. "मी खुटबावलाच चाललो व्हतो. साहेबांचा फोन आला, म्हणले तसंच म्होरं कासुर्डीला या. उतरवून घेतलं, च्या पाजला. पावती मागाया पायजे व्हती का? संचालकाकडं?"

"मागायला हवी होती."

"तुमी मागितली का कवा?"

त्यानं फडकं पुन्हा काचेवर फिरवलं.

"नवी सून आलीया घरी," तो म्हणाला. "दिवाळीला घरी बसंन ते चोर म्हणून. तिला काय सांगू, ताई?"

ती जिना चढली तेव्हा तिचे कान तापले होते. अडतीस जणांना ती हिरवी स्टिकरं दिसली नव्हती, हे ती मानायलाच तयार नव्हती. मालकाच्या घरची पूजा म्हणून सगळ्यांनी हात जोडले, आणि पावती विचारायची ती मात्र गाडी चालवणाऱ्याला.

सोमवारी बैठक बसली. अध्यक्ष हौसराव आबा, म्हणजे पृथ्वीराजांचे चुलते, मधल्या खुर्चीत. मल्हारीला दारात उभं केलेलं. आबांनी कागद तिच्याकडं सरकवला.

"कर सही. क्लाउडवाली माणसं खोळंबलीत."

"अहो, अख्खा संघ ढगात चाललाय," पृथ्वीराज हसले, "आन् ताई ह्या तीन डबड्यांवर अडून बसल्यात."

दोघंतिघं हसले.

"डबडी रोज दुपारी चालू होतात, साहेब."

"जुनी नोंद दाखवत असंल ते."

"कालची आहे. दोन वाजून दहा मिनिटांची."

हसणं थांबलं. आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरी, दोन वर्षं 'जागेवर' म्हणून कुणी लिहिलं? तूच ना? मग खोटं कोण, तू का मल्हारी?"

हाच प्रश्न ती दोन वर्षं टाळत आली होती. नोकरी जाईल, चौकशी लागेल, हे तिनं कितीदा तरी मनात मांडून पाहिलं होतं, आणि दर वेळी 'पुढच्या मार्चला बघू' म्हणून वही मिटली होती. तिनं दाराकडं पाहिलं. मल्हारी टोपी हातात घेऊन फरशीकडं बघत होता. पूनमनं पेनाला टोपण लावलं आणि उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "दोन वर्षं खोटं मी लिहिलं, आबा. आता लिहिणार नाही. तिन्ही लॅपटॉप कासुर्डीला पृथ्वीराज साहेबांच्या घरी आहेत, आणि रजिस्टरात आज मी तसंच लिहिणार आहे."