ओटीतले गहू

लीना अंटार्क्टिकाला निघाली होती आणि तिच्या सामानाच्या स्वच्छतेची जबाबदारी तिच्या वडिलांनी, बंडोपंतांनी, स्वतःकडे घेतली होती. तिथल्या खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलांचा अभ्यास करणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती. त्या निर्मनुष्य भूमीत परक्या गवताचे एक बी रुजले, तरी तिथल्या जीवसृष्टीला ते कायमचे दुखणे होऊ शकते. म्हणून बूट, पिशव्या, खिसे, सारे निर्बीज करून आणावे, असा मोहिमेचा नियम होता. मराठीच्या निवृत्त शिक्षकाला याहून आवडीचे काम मिळाले नसते. सिंदी मेघेतल्या घराच्या व्हरांड्यात बसून ते चिमट्याने एकेक कुसळ उपटीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी वाद घालीत. “इतकं नाजूक आहे तर जाताच कशाला?” असे कोणी म्हटले की ते म्हणत, “जायचेच असेल तर पाहुण्याने पाहुण्यासारखे जावे. यजमानाचे घर बदलून येऊ नये.”

निघण्याच्या आदल्या दुपारी वडनेरहून कमलाबाई आल्या. बंडोपंतांची ही थोरली बहीण. लीनाची आई गेल्यावर तिला यांनीच वाढवले होते. लीनाचे लग्न होऊन तीन वर्षे झाली होती. दूरच्या प्रवासाआधी माहेरी ओटी भरायची, तर ती आत्याच भरेल, असा तिने हट्ट धरला होता. पण कमलाबाई विधवा होत्या. यजमान गेल्यापासून त्यांच्या हातून कोणी ओटी भरून घेतली नव्हती. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात, चहाच्या कपांपाशी असत. या रूढीविरुद्ध बंडोपंतांनी वर्तमानपत्रांत वेळोवेळी लिहिले होते, आणि चांगले लिहिले होते.

“काय पाहाले चाल्ली व तू एवढ्या दूर?” कमलाबाईंनी विचारले.

“दगडफूल, आत्या.”

“अवो माय! मंग मले सांगाचं नाई? माह्या मसाल्याच्या डब्यात आहे ना मूठभर!”

जमलेल्या शेजारणी हसल्या. कमलाबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. स्वतःच्या वावरातले, निवडून पुसलेले गहू त्यांनी पांढऱ्या फडक्यात बांधून आणले होते. लीना पाटावर उभी राहिली, तिने पदर पसरला. कमलाबाईंनी ओंजळ भरून उचलली, आणि खोलीतले हसणे थांबले. शेजारच्या ज्योत्स्नाताई भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागल्या.

“अक्का, थांब,” बंडोपंत म्हणाले. “धान्य नको. नियम आहे.”

“कोनता नियम?”

“तिकडे बी न्यायचे नाही. एक दाणाही नाही.”

“बाबा, ही साडी मी इथेच ठेवून जाणार आहे,” लीना म्हणाली. “आणि गहू आपल्याच घरात राहतील.”

“दाणा कुठे अडकेल, सांगता येत नाही.”

“बरोबर आहे काकांचं,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “नियम तो नियम.” त्यांच्या आवाजातला सुटकेचा भाव लपला नाही.

कमलाबाईंनी ओंजळ फडक्यात रिकामी केली आणि सावकाश गाठ मारली. “नियम मले मालूम आहे, बंडू,” त्या म्हणाल्या. “त्या बर्फाले काऊन मधात आणून राह्यला?”

चहा न घेता त्या पाचच्या बसने वडनेरला परत गेल्या.

बंडोपंत पुन्हा पिशवीपाशी बसले आणि स्वतःशी वाद घालू लागले. त्यांनी नियम आठवला, त्याचा हेतू आठवला, आणि दोन्ही निर्दोष होते. पण नियम सामानाबद्दल होता आणि साडी सामानात नव्हती. सूचना त्यांनी तीनदा वाचल्या होत्या. हे त्यांना दुपारीही ठाऊक होते. तीच ओंजळ ज्योत्स्नाताईंची असती, तर आपण बोललो असतो का? उत्तर शोधावे लागले नाही. खोलीतली ती शांतता त्यांनी ऐकली होती, आणि दुसरे कोणी तोंड उघडण्याआधी तिला एक सभ्य कारण पुरवले होते. एवढ्या दूरचे, एवढे थंड कारण, की त्याला कोणी हरकत घेऊ शकले नसते.

सकाळी नागपूरच्या विमानतळाची वाट धरण्याआधी त्यांनी गाडी उलट्या दिशेला, वडनेरकडे वळवायला लावली.

कमलाबाई अंगणात शेणखताच्या टोपल्या रचत होत्या.

“अक्का, ओटी भर,” बंडोपंत म्हणाले. “चूक माझी होती.”

“ते गहू दळून आणले सकाळीच. पीठ तं उगवत नाई ना तिकडं?”

“घरात दुसरे असतील.”

“असन ना. कोठी भरली आहे.” त्यांनी हात पदराला पुसले. “पन हात उचलत नाई आता, बंडू. काल उचलला होता.”

लीना आत्याच्या गळ्यात पडली, तिने वाकून नमस्कार केला आणि ती गाडीकडे वळली. वावराच्या कुंपणालगतच्या वाळल्या गवतातून येताना तिच्या मोज्यांना, पँटच्या कडांना कुसळे चिकटली होती.

“थांब व पोरी.” कमलाबाई तिच्या पायाशी बसल्या आणि एकेक कुसळ उपटून आपल्या डाव्या तळहातावर ठेवू लागल्या. बंडोपंतांनी खिशातून चिमटा काढला आणि ते वाकले.

“राहू दे तू,” वर न बघता त्या म्हणाल्या. “हे माह्या वावरातलं आहे. हे तरी मले काढू दे.”

त्यांनी दुसराही मोजा उलटून पाहिला, शिवणीवरून बोट फिरवले, तेव्हाच त्या उठल्या. लीनाच्या कपड्यांवर आता एकही बी नव्हते. कमलाबाई मूठ मिटून घरात गेल्या. बंडोपंत चिमटा धरून अंगणात तसेच वाकलेले राहिले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला तरी.