कराराच्या शेवटच्या दिवशी

मित्रांनो, मी एक पांढरी मोटारगाडी आहे. जुनी म्हणावी तर माझा रंग अजून लख्ख आहे, आणि नवी म्हणावी तर सारा मराठवाडा माझ्या चाकांखालून गेला आहे. मी विकली गेले नाही, कराराने भाड्याने दिली गेले.

कारखान्यातून निघाले ती लातूरच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीत आले, आणि तिथून नांदेडच्या लुंबिनीकडे. ती बियाण्यांच्या कंपनीत अधिकारी. उमरीपासून मुरुडपर्यंत आम्ही धुरळा उडवत फिरलो. मुक्कामी आल्यावर ती माझ्या काचा स्वतः पुसायची.

तिच्या वडिलांचे नाव निवृत्ती; ते रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. नोकरी संपल्यावर ते मोकळ्या मैदानावर माझ्यावरच गाडी शिकले. परवानाही मिळाला, पण हमरस्त्यावर जायची छाती होईना.

अखेर करार संपला. मला लातूरला परत करायचे होते. सकाळी लुंबिनीने किल्ली वडिलांपुढे धरली.

"बाबा, आज तुम्हीच चालवा."

"म्या? लातूरपतोर? कुठं घासली तर तुला बोल लागंल की."

"लागू द्या. करारात घरच्यांना चालवायची मुभा हाय. उद्यापासून गाडी न्हाई, मग कवा चालवणार?"

लुंबिनी शेजारी बसली, आई चांगुणा मागे. "हळू घ्या बरं का," एवढेच आई म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी माझे इंजिनही आनंदाने गुणगुणत होते! लोह्यापर्यंत निवृत्तींचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते. अहमदपूरच्या पुढे ते सैल झाले. चाकूरजवळ सोयाबीनचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला. निवृत्तींनी ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले. ट्रॅक्टर निघून गेला.

"जमलं की," ते स्वतःशीच पुटपुटले. "जिंदगीभर रूळ सांभाळले. रुळावरच्या गाडीला वळवायचं काम न्हाई. हिला मात्र आपणच वळवावं लागतंय."

"लई गाड्यांत बसले," मागून चांगुणा म्हणाली, "पण घरच्या माणसानं चालवलेली ही पहिलीच."

लातूरला कंपनीच्या मृत्युंजयने मला चारी बाजूंनी तपासले. "कुणी आणली चालवत?"

काही चुकले की काय, म्हणून निवृत्ती खालच्या आवाजात म्हणाले, "म्या."

"शाबास. गाडी एकदम झकास हाय, काका."

निवृत्ती ताठ उभे राहिले. त्यांनी किल्ली स्वतःच्या हाताने दिली, माझ्या बॉनेटवर थोपटले आणि मागे न बघता, भरभर बोलत, दोघींसोबत बसस्थानकाकडे निघाले. थोडे वाईट वाटले मला. पण दुसऱ्याच दिवशी उदगीरची अक्षरा मला न्यायला येणार होती. तिच्याशिवाय तिच्या घरी गाडी चालवायला अजून कुणालाच येत नव्हती!

मित्रांनो, परत करायची वस्तूही आपलीच समजून जपा. आणि ती हातात आहे तोवर, घरात ज्याची तिला हात लावायची हिंमत झाली नसेल, त्याच्या हाती एकदा तरी द्या.