व्हॅनमधली पुढची सीट

"पेट्रोल जास्त जातंय, साहेब. हवा पुरत नाही," बुधाजी मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला.

डिलाईल रोडवरच्या गॅरेजसमोर पोलिसांची व्हॅन काळा धूर ओकत बंद पडली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. सकाळी चाळीच्या तोंडाशी बुधाजीनेही घसा फोडून घोषणा दिल्या होत्या. पण मालकाचं बोलावणं आलं आणि त्याला यावं लागलं.

कार्बोरेटर उघडल्यावर दोष सापडला. पेट्रोलवर तरंगून त्याची वाट बंद करणारा पितळी फ्लोट भोक पडून बुडाला होता. बुधाजीने ते कथिलाने बुजवलं, स्क्रू फिरवून मिश्रण जमवलं. इंजिन मोकळं झालं.

"नवा फ्लोट घातल्याशिवाय भरवसा नाही," सवयीने तो बोलून गेला.

"मग तू पण चल," फौजदार म्हणाला. "पुढे बस."

"साहेब, मी इथलाच. लोक ओळखतात मला."

"म्हणून तर दगड येणार नाहीत. बस!"

ड्रायव्हर आणि फौजदार यांच्यामध्ये तो दबून बसला. व्हॅन नेमकी त्याच्याच चाळीत शिरली. त्याला पाहताच गॅलरीतल्या घोषणा थांबल्या. दगड घेतलेला एक हात वरच राहिला.

पोलिसांनी जिन्याखालून बुधाजीच्या शेजारच्या खोलीतल्या दत्तारामला ओढून काढलं आणि मागे कोंबलं. मागे आधीच माणसं दाटीने उभी होती.

जाळीमागून दत्तारामचा आवाज आला, "बुधाजी, तू रे?"

"गाडीसाठी आणलंय मला. शप्पथ!"



लालबागला इंजिन पुन्हा गुदमरू लागलं. मरू दे, असं बुधाजीला वाटलं. पण फौजदाराची छडी खांद्याला टेकली. तो उतरला. स्क्रू सवयीने बरोबर जागी थांबला. धूर निवळला. जाळीमागची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती.

चौकीत बुधाजी पकडलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"माझंही नाव लिवा."

हवालदार हसला. "तुझं कशाला? तू तर आपला माणूस. जा घरी."

चाळीत तो परतला तेव्हा दत्तारामची बायको राधाबाई दारात उभी होती.

"वैनी, माझा इलाज नव्हता."

तिने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांचा गुडघा दुखतोय कालपासून. गाडीत बसायला तरी मिळालं काय?"

"मिळालं," बुधाजी म्हणाला.

राधाबाईने मान हलवली आणि दत्तारामसाठी झाकून ठेवलेलं ताट उचलून आत नेलं.