वरचं घर, खालचं घर

तिसऱ्यांदा कडी वाजवल्यावर दार उघडलं. पिठाने भरलेले हात फडक्याला पुसत म्हातारीने विचारलं, वाट चुकलीस का.

जनगणनेसाठी आलेली गणनेवाली चुकली नव्हती. दरीवरचा पूल ओलांडून, धापा टाकत ती मुद्दाम इथवर चढली होती. नकाशावर या वस्तीच्या जागी नुसता एक ठिपका होता आणि तिथे अजून कोणी राहतं का, हे कचेरीत कोणालाच सांगता आलं नव्हतं. वाटेतल्या सगळ्या घरांना कुलपं होती. कुलपंही गंजून गेलेली.

म्हातारीने तिला चुलीजवळ बसवलं, गरम दूध दिलं. नवरा वारला, लेक शहरात, वय अडुसष्ट, सगळं न विचारताच सांगून टाकलं. वस्तीत आणखी कोण राहतं, हे मात्र विचारावं लागलं.

"कोणी नाही. मी एकटीच."

गणनेवालीने खिडकीतून खाली पाहिलं. वाटेच्या आड, उतारावरच्या घरातून धूर निघत होता. दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत होता.

"मग ते घर कोणाचं?"

"दिराचं. पण आमचं बोलणं नाही."

हळूहळू उलगडा झाला. नवरा गेल्यावर दीर म्हणाला होता, वहिनी, आता लेकीकडे जा, इथे एकटीचे हाल होतील. तो आपल्याला घराबाहेर काढतोय, असं तिला वाटलं. ती गेली नाही. अबोला तेवढा धरला, तो आजतागायत.

गणनेवालीने अवघडून सांगितलं की, एकच माणूस असेल तर ही वस्ती खालच्या गावात धरतील, आणि मग विजेची तार इथवर ठेवणार नाहीत.

कणीक मळणारे हात थांबले.

"माझं काय, मी अंधारातही निभावेन. त्याला धड दिसत नाही. दोन लिही."

खाली दीर पायरीवर बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होता, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. वस्तीत कोण कोण, म्हटल्यावर तोही मान वर न करता म्हणाला की आपण एकटेच. गणनेवालीला हसू आवरेना.

"काका, वरच्या घरी तर दोन सांगितले."

त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली. दांड्याची धूळ तळहाताने उगाचच झटकत राहिला.

"त्या दोनात मला धरलंय?"

"तुम्हालाच."

तो घसा खाकरून दुसरीकडे बघू लागला. मग आपलं नाव, वय सांगितलं, पाणी दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, तिने वय किती सांगितलं. हे सांगावं की नाही, गणनेवालीला कळेना. पण माणूस एवढ्या आतुरतेने वाट पाहत होता की तिने सांगून टाकलं.

"अडुसष्ट?" तो म्हणाला. "मी सत्तरीचा. आणि ती माझ्याहून मोठी आहे."

गणनेवाली उतरून पुलाशी पोचली, तेव्हा वरून हाक ऐकू आली. जाड, बसका आवाज, वापरात नसल्यासारखा.

"वहिनी, वय खोटं सांगितलंत."

गणनेवाली कठड्याला धरून थांबली. मग वरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि उत्तर सुरू झालं. शब्द काही कळत नव्हते, पण पूल ओलांडून झाला तरी ते संपलं नव्हतं.