सातव्या डब्यातून

मी एक निगेटिव्ह बोलतेय. जरा लांबूनच ऐका. माझ्याजवळ आलेल्याचं भलं होत नाही, हे मला आता पुरतं कळलं आहे.

निगेटिव्ह म्हणजे सिनेमाची मूळ फिल्म. थिएटरात फिरतात त्या माझ्या प्रती. मी स्वतः थिएटर कधी पाहिलं नाही. एका घरच्या कंपनीने काढलेल्या पहिल्या हिंदी सिनेमाचं मी सातवं रीळ. आम्ही एकूण चौदा, प्रत्येकीला पत्र्याचा एक गोल डबा. सध्या मी एका थंड, बंद खोलीत दुसऱ्यांच्या डब्यांमागे बसले आहे. मी इथे असायला नको होतं. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक आहे. एक मी, आणि दुसरे ज्यांनी मला इथे आणून ठेवलं ते.

पण सुरुवातीपासून सांगते.

ही कंपनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सुरू झाली. बाहेरच्या खोलीत ऑफिस, आतल्या खोलीत संसार. मालक आधी थिएटरबाहेरचे मोठे बोर्ड रंगवत. एक दिवस त्यांना वाटलं, दुसऱ्यांच्या सिनेमांची तोंडं किती रंगवायची, आपलाच काढू. मालकीणबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत. दोन मुलं होती, थोरले आणि धाकटे. ती केबलच्या गुंडाळ्यांवर बसून अभ्यास करत.

गर्दीच्या दृश्यांसाठी बाहेरची माणसं आणायची नाहीत, ही मालकांची पद्धत. घरचेच उभे करायचे. त्यामुळे या कंपनीच्या प्रत्येक सिनेमात कुठे ना कुठे हे कुटुंब आहे. तिकीट फाडणारा माणूस बघा, मालक असतील. धावत सुटलेला मुलगा बघा, थोरले असतील.

माझं चित्रण झालं त्या दिवशी सिनेमातल्या घरमालकिणीची छोटी भूमिका करणारी बाई आलीच नाही. मालक स्वयंपाकघरात गेले.

"तू उभी राहा," ते म्हणाले.

"मी? अहो, माझ्या हाताला कांद्याचा वास येतोय."

"कॅमेऱ्याला नाक नसतं."

"आणि हिंदीत बोलायचं काय?"

"काही नाही. खिडकी लावायची."

"तेवढं येतं मला. रोज तेच करते."

त्यांनी खिडकी लावली. लावता लावता थांबल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसल्या. ही चूकच होती. आमचा संकलक, ज्याला सगळे कातरीमास्तर म्हणत, त्याने तो तुकडा कापायला हातात घेतला होता. मालक म्हणाले, "राहू दे." नऊ सेकंद. मालकीणबाई कॅमेऱ्यासमोर आल्या त्या तेवढ्याच.

सिनेमा खूप चालला. तिसऱ्या वर्षी नव्या प्रती काढायला आम्हाला लॅबमध्ये नेलं. मालकीणबाईंना तेव्हा ताप होता. मी परत आले त्याच दिवशी त्या गेल्या.

"तिचं रीळ मी घराबाहेर काढलं," मालक म्हणाले, "म्हणून ती गेली."

"मालक, फिल्मचा त्यात काय दोष?" कातरीमास्तर म्हणाला. मालकांनी माझ्या डब्याला सगळीकडून चिकटपट्टी गुंडाळली. हा डबा पुन्हा उघडायचा नाही, असं ठरलं.

पुढे नव्या प्रती निघाल्या नाहीत. जुन्या चालून चालून फाटल्या, आणि ती नऊ सेकंदं जगात माझ्यापाशीच उरली.

मग एक रीत पडली. प्रत्येक नव्या सिनेमाच्या पहिल्या शॉटला माझा डबा सेटवर न्यायचा, दिव्यांच्या झोतात स्टुलावर ठेवायचा. नायकापासून ट्रॉली ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी त्याला हात लावायचा. "आईचा आशीर्वाद," मुलं म्हणत. मग घरी आणून वर चिकटपट्टीचा आणखी एक वेढा. असे बावीस सिनेमे झाले. इतका मान कुणाला मिळतो? बाकीची तेरा भावंडं साधी होती. त्यांची झाकणं अधूनमधून उघडत, त्यांना वारा लागे. मी मात्र दिव्यांत तापत होते आणि डब्यात कोंडत होते.

फिल्म कोंडली की आंबते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी स्वतःचाच वास येऊ लागला, आंबट, नाकात घुसणारा. मग अंग आखडलं. मग अंगावर फोड आले, आणि चित्राचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला. पहिला गेला तो मालकीणबाईंचा चेहरा. मी वेटोळ्यात घट्ट होते, आवरणार कशी? दार वाजलं की मी दचकायचे. वाटायचं, आता उघडतील आणि म्हणतील, तुझ्या भरवशावर ठेवली होती तिला.

कुणी उघडलं नाही. मालक गेले. थोरले दिग्दर्शन करत, धाकटे ऑफिस बघत. दोघांची टेबलं समोरासमोर होती आणि दोघे महिनोन्‌महिने शिपायामार्फत बोलत. "त्यांना म्हणावं, पंखा बंद करा." पंखा दोघांच्या मध्ये. तरी पहिल्या शॉटला दोघे मिळूनच माझा डबा उचलत. पुढे सिनेमे थांबले, मालिका आल्या, त्याही थांबल्या. गेल्या वर्षी थोरलेही गेले. आता धाकटे आहेत आणि थोरल्यांची मुलगी. ती त्यांना काका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणते.

मुलीने ठरवलं, सगळे सिनेमे संगणकावर उतरवून घ्यायचे. फिल्म संपली तर आपलं घरच संपलं, असं ती म्हणाली. तिने तपासणीला लॅबमधल्या एका बाईंना बोलावलं. बाई कंपनीच्या गोदामाच्या दारातच थबकल्या.

"इथे व्हिनेगर सांडलंय का?"

"ड्रायव्हरचा डबा असेल," काका म्हणाले. "तो काहीही आणतो खायला."

"डब्याचाच वास आहे. पण जेवणाच्या नाही."

त्या हुंगत हुंगत सरळ माझ्यापाशी आल्या. मी जीव मुठीत धरून बसले.

"ही पट्टी काढा."

"तो उघडत नाहीत," काका म्हणाले.

"कोण?"

"आमच्यात कुणीच."

"हे बघा," बाई म्हणाल्या, "पोत्यात एक कांदा नासला की शेजारचे नासतात. ही वाफही तशीच लागते. हिला एकटीला ठेवा. वास नसलेले डबे थंड खोलीत हलवा. थंडीत हे नासणं मंदावतं. पण नासलेला एकही डबा आत जाऊ देऊ नका, बंद जागेत तो सगळ्यांना घेऊन जाईल."

"काका, उघडू या ना," मुलगी म्हणाली. "मी आजीला फोटोतच पाहिलंय. तिला हलताना बघू या."

"तुझ्या बापाने कधी म्हटलं नाही, उघडा म्हणून."

"बाबांना बारा महिने सर्दी असायची. त्यांना वास कुठून येणार होता?"

काका हसले नाहीत. "डबा बंद आहे तोवर ती आहे, बाळा," ते म्हणाले. "उगाच भलतं करू नकोस."

मुलीने हट्ट सोडला. मला ऑफिसातल्या कपाटात एकटीला ठेवलं. ज्यांना वास नव्हता असे दोनशे सत्तावीस डबे गोदामाशेजारच्या थंड खोलीत गेले. लॅबमध्ये त्यांचा नंबर सहा महिन्यांनी होता. तोवर दार उघडायचं नाही, असं ठरलं. कपाटात मी एकटी होते, तरी कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला शांत वाटलं. आता माझ्यामुळे कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मग एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, काका आले. कपाट उघडून त्यांनी मला मांडीवर घेतलं. पट्टीचं एक टोक नखाने उचकटलं. वास त्यांच्या नाकाडोळ्यांत गेला. ते खोकले, मान फिरवून बसले. सत्तरीचा माणूस, हळूच म्हणाला, "आई."

उघडा, मी मनात म्हणत होते. एकदाच बघा आणि सोडून द्या मला.

त्यांनी ते टोक दाबून परत चिकटवलं. वर नवी पट्टी गुंडाळली. बाईंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यातलं एकच वाक्य धरून ठेवलं होतं, थंडीत नासणं मंदावतं. एका रिकाम्या डब्याला तशीच पट्टी गुंडाळून त्यांनी तो कपाटात माझ्या जागी ठेवला. मला पदराखाली लेकरू न्यावं तसं शर्टाखाली धरून थंड खोलीत आणलं आणि दुसऱ्या सिनेमाच्या डब्यांमागे सरकवलं.

"जरा गारठा लागेल," ते म्हणाले. "सहा महिने. मग बघू."

दार लागलं. दाराला रबराची कड आहे. आतला वारा बाहेर जात नाही.

इथे शेजारी कोण आहे, सांगू? दुसऱ्या सिनेमाचं तिसरं रीळ. त्यात आठ वर्षांचे थोरले जिन्यावरून धावत उतरतात. पलीकडे मालक तिकिटं फाडतात. खालच्या फळीवर काका स्वतः, दुधाचे दात पडलेले, गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर. सगळं घर इथे ओळीने बसलं आहे, आणि मध्ये मी. आईला जपायला निघालेल्या माणसाने बापाला, भावाला आणि स्वतःलाही तिच्या उशाशी आणून बांधलं आहे. बाहेर हे कुणाला माहीत नाही.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या रिळाने विचारलं, "कसला गं वास येतोय?" कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मुली, दाराबाहेर तू यादी टांगली आहेस. सहा महिने थांबू नकोस. आत ये आणि डबे मोज. यादीपेक्षा एक जास्त भरेल. तेवढा उचलून बाहेर ने, उघड्या वाऱ्यावर. त्यात आजी शोधू नकोस, ती केव्हाच गेली. आणि काकांवर रागावू नकोस. झाकण काढायचं झालं तर त्यांच्या हाताने काढवून घे आणि शेजारी उभी राहा. त्यांना ते एकट्याने जमलं नाही.

पण लवकर ये. शेजारचं रीळ आता मला काही विचारत नाही. वास कसला, हे त्यालाही कळलं असावं. कालपासून तो त्याच्याही डब्यातून येतोय.